पट्ट्याकडची जागा

गमछा श्यामलालचा होता आणि सगळ्यांत मोठ्यानं हसला तोही श्यामलालच. धानाचं पोतं गिरणीच्या तोंडात ओतून तो मागं वळला, खांद्यावरच्या गमछ्याचं टोक इंजीनच्या पट्ट्याला लागलं आणि गमछा गेला. कसा गेला ते कोणाला धड दिसलंसुद्धा नाही. एक फटका वाजला, मोठ्या चाकाभोवती काहीतरी लाल गरगरलं आणि छपराखाली चिंध्या उडाल्या. एक चिंधी जमुनाच्या मांडीवर येऊन पडली. ती गरम होती.

"नवा होता रे बाप्पा!" म्हणत श्यामलालनं पोट धरलं. धान घेऊन आलेली गिऱ्हाइकं हसली, दारापाशी तांदूळ पाखडणारी रुख्मा हसली, इंजीनजवळ तेलाचा डबा घेऊन उभा असलेला चैनलालही हसला. जमुना तेवढी हसली नाही. तिचा डावा खांदा पट्ट्यापासून हातभर लांब होता, आणि डोक्यावरून छातीपर्यंत ओढलेला तिचा पदर श्यामलालच्या गमछ्यापेक्षा पातळ होता.

चैनलाल तिचा जेठ, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आपण गोष्ट सांगणारे, आपल्याला त्याचं नाव घ्यायला हरकत नाही. जमुनाला मात्र ते जन्मात तोंडातून काढायचं नव्हतं. त्या पोवार घराचा कायदा होता की सुनेनं जेठासमोर तोंड उघडं ठेवायचं नाही आणि त्याच्याशी बोलायचं नाही. काही सांगायचंच झालं तर ते तिसऱ्याला सांगायचं, "त्यायले सांगा, जेवाले वाढलं आहे." तिसरं कोणी नसेल तर खांबाला सांगायचं, आणि जेठानं ते खांबाकडून ऐकायचं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. तेवढ्यात जमुना घरातल्या दोन खांबांशी आणि एका वासराशी पोटभर बोलली होती. जेठही नियमाला पक्का. सुनेचं उघडं तोंड दिसलं तर दोष त्यालाही लागायचा, म्हणून ती अंगणात डोकं धुवायला बसली असेल तर तो लांबूनच खाकरायचा आणि आल्या पावली परत फिरायचा.

गिरणी येऊन वर्ष झालं होतं. सत्तावन्न सालचा हिवाळा, बोदलकसाच्या तलावाच्या अलीकडचं दीडशे उंबऱ्यांचं गाव, आणि त्या गावात तेलावर चालणारं इंजीन आणलं ते चैनलालनं. त्याआधी धान उखळात कांडलं जायचं. तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यातल्या बाया चार घरची कांडणं धरून असायच्या, रुख्मा त्यांतली एक. तिच्या हातचा तांदूळ तुटत नाही असं लोक म्हणायचे. गिरणी आली आणि पहिल्याच हंगामात मुसळं भिंतीला टेकली. रुख्मा आपण होऊन चैनलालच्या दारात आली आणि म्हणाली, "मालक, माया हाताचं काम तुमच्या मशीननं नेलं. आता मशीनचं काम तरी मले द्या." चैनलालला हे बोलणं फार आवडलं आणि त्यानं तिला ठेवून घेतलं.

चैनलालला बोलणं आवडायचंच. स्वतःचं तर विशेष. गिऱ्हाइकं बसली असली की तो इंजीनच्या आवाजावर आवाज चढवून सांगायचा, "मशीन जातपात पाहात नाई. मालगुजाराचं धान घाला का ढिवराचं, तांदूळ सारखाच निंगते. मशीनसमोर सगळे सारखे, समजलं?" लोक माना हलवायचे, कारण धान त्याच्याच हातात असायचं. गिरणीच्या पहिल्या हंगामावर त्यानं आधी मनगटी घड्याळ घेतलं, मग चावीचा बाजा घेतला. पितळी कर्ण्याचा तो बाजा गिरणीच्या दारासमोर बाकावर मांडलेला असायचा, म्हणजे पलीकडच्या गावच्या गिरणीत जाणारं गिऱ्हाईक गाणं ऐकून इकडे वळेल. इंजीन चालू असताना त्या बाज्याचं एक अक्षर आत ऐकू यायचं नाही, हा भाग वेगळा.

इंजीनपासून गिरणीपर्यंत दहा हात लांब पट्टा होता आणि तो उघडा होता. त्याला जाळी हवी, असं केशोराव सुतारानं गिरणी बसवतानाच सांगितलं होतं. सागाच्या फळ्या ठोकून देतो, फक्त दोन दिवस इंजीन बंद ठेवा. चैनलाल म्हणाला होता, "हंगामात दोन दिवस? लोकं तिकडच्या गिरणीत जातीन. पाहू उन्हाळ्यात." उन्हाळा येऊन गेला. उन्हाळ्यात बाजा आला.

गिरणीच्या पोटाखाली कोंडा पडायचा. तो लाकडी फावडीनं ओढून टोपलीत भरायला सतत एक माणूस लागायचा, आणि कोंडा म्हणजे जनावरांचा खुराक, बाहेरचं माणूस बसवलं तर पदराआड घरी नेईल, म्हणून तिथं घरची बाई हवी. घरची बाई म्हणजे जमुना. जेठानी, म्हणजे थोरली जाऊ, पोराबाळांत आणि स्वयंपाकात अडकलेली. जमुनाच्या पदरी मूल नव्हतं, तिला मोकळीच समजत. तेव्हा ती पट्ट्याकडच्या जागेवर बसायची, तीही जेठाच्या समोर, म्हणून घुंगट ओढून. कापडाच्या आडून तिला पट्टा दिसायचा नाही, नुसता एक काळा पाट वाहताना दिसायचा. पट्ट्याच्या जोडावर लोखंडी चिमटे होते. जोड चाकावरून गेला की टक् असा आवाज यायचा. टक्, टक्, टक्.

गमछा गेला त्या दिवसापासून तो आवाज जमुनाच्या मागं लागला. भाकरी थापताना ऐकू यायचा, विहिरीवर दोर ओढताना ऐकू यायचा. गिरणीत बसली की ती पदर गळ्याभोवती दोनदा गुंडाळायची, टोक दातांत धरायची आणि संध्याकाळपर्यंत जबडा दुखून यायचा. फावडी पुढं टाकताना खांदा आपोआप उजवीकडं ओढला जायचा. तिला भीती वाटायची, साधी, उघडी भीती, लहानपणी तलावाच्या खोल पाण्यापाशी वाटायची तशी. कोणी कितीही समजावलं असतं तरी भीती गेली नसती. आणि समजावणार कोण, तिनं सांगितलंच कोणाला होतं?

शेवटी तिनं नवऱ्याला सांगितलं. जियालाल भला माणूस होता, बैलांशी चांगला, माणसांशी चांगला, आणि भावासमोर उभा राहिला की निम्मा व्हायचा.

"अजी, त्यायले सांगा, पट्ट्याले जाळी मारा म्हना," जमुना म्हणाली. "लाकडाची मारा, बांबूची मारा. श्यामलालचा गमछा गेला तसा एखांदा मानूस जाईन."

"सांगतो न."

"आजच सांगा."

"सांगतो म्हनलं न वो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी जियालालनं सांगितलं. जमुना दाराआड उभी राहून ऐकत होती. जियालालनं आधी बैलाच्या खुराची गोष्ट काढली, मग ओलिताची, आणि मग जमिनीकडं बघत म्हणाला, "दादा, ते... घरी म्हनते का तिथं बसाले डर वाटते."

"डर वाटते?" चैनलालनं हातातला चहाचा पेला खाली ठेवला. त्याला खरोखर वाईट वाटलं होतं. तो वाईट माणूस नव्हता, अडचण तीच होती. "मंग आधी काऊन नाई सांगतलं? घरच्या सुनेले डरवून काम कराचं आहे का आपल्याले? आजपासून तिले दारापाशी बसव, सुपडं दे हाती. कोंड्यावर रुख्मी बसन."

"हौ," जियालाल म्हणाला.

जाळीचा शब्द दोन भावांच्या मधे कुठंतरी पडून राहिला. जमुनाला तो उचलता आला असता. खांब नव्हता, पण दार होतं, दाराला सांगता आलं असतं. ती गप्प राहिली. आणि त्या वेळी तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं तेही सांगायला हवं, कारण पुढं कित्येक दिवस तिनं स्वतःला ते माफ केलं नाही. तिच्या मनात आलं, सुटले बाई.

त्या रात्री ती गाढ झोपली. पण दुसऱ्या दिवशी ती दारापाशी सूप घेऊन बसली, समोर पट्ट्याशेजारी रुख्मा फावडी घेऊन बसली, आणि जमुनाच्या लक्षात आलं की भीती गेलेली नाही. भीतीनं फक्त माणूस बदलला होता. आधी पट्टा डाव्या खांद्याशी होता, आता डोळ्यांसमोर होता, आणि आता घुंगटातूनसुद्धा तो स्पष्ट दिसायचा. रुख्मा पन्नाशीची. उजेडातून सावलीत आली की तिला घटकाभर दिसायचं नाही. फावडी ओढता ओढता ती मागं रेलायची, कंबर मोडायची, पट्ट्याच्या दिशेनं हात लांब करून आळस द्यायची. ती अशी रेलली की जमुनाच्या हातातलं सूप थांबायचं.

दुपारी इंजीन बंद असताना जमुना तिच्याजवळ जाऊन बसली.

"रुख्माबाई, तुमाले डर नाई लागत?"

"कायची डर? मशीन खाईन तं कोनालेबी खाईन, मलेच काऊन निवडन? आनं माया अंगात खान्यासारखं राहिलं काय?" रुख्मा हसली. समोरचे दोन दात नव्हते तिला. "मालक म्हनते, मशीन जातपात पाहात नाई. खरं आहे बाई, मशीन नाई पाहात. मशीनजवळ कोनाले बसवाचं, ते मालक पाहाते."

हे ती रागानं बोलली नाही. तंबाखू मळत, चिमटा घेतल्यासारखं बोलली. पण जमुनाच्या कानांतून आग निघाली. ती म्हणाली, "तुमी इकडं दारापाशी या. मी बसतो माया जागेवर."

रुख्मानं तिच्याकडं नीट पाहिलं. "नाई वो बाई. मालकानं बसवलं तिथून उठली तं मले घरीच बसवन. जवान पोरगी आहे घरात. राहू द्या."

जमुना पुन्हा म्हणाली नाही. खरं सांगायचं तर रुख्मा नको म्हणाली तेव्हा तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून ती घरी येऊन चुलीपुढं रडली. चुलीचा धूर आहे, असं जेठानीला सांगितलं.

त्यानंतर तिनं नवऱ्याकडं दोनदा जाळीची गोष्ट काढली. एकदा तो म्हणाला, आता तर तू दारापाशी आहेस ना. दुसऱ्यांदा म्हणाला, दादाला किती त्रास द्यायचा. मग तिनं जेठानीकडं काढली. जेठानी म्हणाली, "तुले तं काढलं न तिथून? मंग आता कोनासाठी डरून राहिली तू?" हा प्रश्न जेठानीला खराच पडला होता.

संक्रांतीला चैनलाल गोंदियाला गेला आणि घरच्या सगळ्या बायांसाठी पातळं घेऊन आला. कापडगिरणीत विणलेली, सुळसुळीत, हातातून पाण्यासारखी निसटणारी. गोंदियाच्या शेठाणी आता हेच नेसतात, असं दुकानदारानं त्याला सांगितलं होतं. आणि त्यानं एक रुख्मासाठीही आणलं. तसलंच, हिरवं. "माया गिरणीत कामाले आहे, तिनंबी तेच नेसलं पायजे," असं चारचौघांत म्हणाला. लोकांनी वाहवा केली. रुख्माच्या डोळ्यांत पाणी आलं. जन्मात तिला कोणी नवं लुगडं दिलं नव्हतं.

तोवर ती जाडंभरडं लुगडं कासोटा मारून नेसायची, पदर कमरेला असा घट्ट खोचायची की ओढूनही निघू नये. जमुनाला त्या लुगड्याचा केवढा आधार होता, हे ते लुगडं गेल्यावरच तिला कळलं. शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, रुख्मा हिरवं पातळ नेसून गिरणीत आली.

"हे घरी ठेवा न रुख्माबाई," जमुना तिचा हात धरून म्हणाली. "इथं कोंड्यात खराब होईन. पाया पडतो तुमच्या."

"आज बाजार आहे, सगळे येतीन," रुख्मा म्हणाली. "मालकाले वाटन का हिनं नेसलं नाई. आजचा दिवस बाई."

दुपार झाली. धानाच्या पोत्यांनी गिरणी भरून गेली होती. बाहेर बाजा गात होता आणि आत तो कोणाला ऐकू येत नव्हता. जमुनाच्या शेजारी केवलराम बसला होता, गावातला म्हातारा कुणबी, आपला तांदूळ निघायची वाट बघत. जमुना पाखडत होती आणि घुंगटातून हिरवं पातळ बघत होती. पदर खांद्यावरून घसरला. रुख्मानं खोचला. पुन्हा घसरला, पुन्हा खोचला. तिसऱ्यांदा तिचे दोन्ही हात फावडीला होते. ती वाकली, पदर पाठीवरून डावीकडं ओघळला आणि पट्ट्यानं त्याचं टोक चाटलं.

रुख्मानं मागं वळून पाहिलं. कोणी चेष्टेनं पदर ओढावा आणि कोण ते बघायला वळावं, तशी वळली. मग तिनं उजव्या हातानं पदर धरला आणि ओढला. आयुष्यभर मुसळ उचललेला हात तो. त्यानं खरोखर धरून ठेवलं. कापड ताणलं गेलं, पट्टा कचकचला, आणि क्षणभर हातही हलला नाही आणि कापडही.

तेवढा वेळ होता. इंजीन थांबवायची गरज नव्हती. चैनलालच्या उजव्या हाताशी एक लाकडी दांडा होता, तो ओढला की पट्टा इंजीनकडच्या मोकळ्या चाकावर सरकायचा आणि पट्ट्यासकट गिरणी जागच्या जागी थांबायची. चैनलाल पाठमोरा उभा राहून कोणालातरी घड्याळ दाखवत होता. जमुना उभी राहिली. सूप खाली पडलं, तांदूळ सांडला. तिचं तोंड उघडलं होतं, शब्द गळ्यापर्यंत आला होता. आणि मग ती केवलरामकडं वळली आणि नऊ वर्षं ज्या आवाजात बोलत होती त्याच हळू आवाजात म्हणाली, "त्यायले सांगा, बंद करा म्हना."

"काय सांगू?" केवलरामनं मान वर केली.

"बंद करा म्हना, बंद!"

म्हातारा उठला. उगाच वेळ लावला नाही त्यानं. पोत्यांना वळसा घालून गेला, चैनलालच्या खांद्याला हात लावला, चैनलालनं कान खाली केला. जमुना उभीच होती. रुख्मा आता पदराकडं बघत नव्हती. ती जमुनाकडं बघत होती. मग कापड सरकलं, आणि त्यात गुंतलेला हात कापडाबरोबर चाकाकडं गेला.

किंकाळी मात्र इंजीनच्या वर ऐकू आली.

बैलगाडीनं तिरोड्याला, तिथून गोंदियाच्या दवाखान्यात. जीव वाचला. उजवा हात कोपरापासून काढावा लागला. चैनलाल तीन दिवस दवाखान्याच्या ओट्यावर बसून होता, जेवला नाही, घरी आल्यावर पोरासारखा रडला. हे सगळं खरं होतं, खोटं त्यात काही नव्हतं.

जमुनाला कोणी एका शब्दानं बोललं नाही. उलट केवलराम पारावर सांगत होता, "सुनबाईनंच पाह्यलं. लगेच मले सांगतलं, मीबी लगेच उठलो." त्यावर लोक म्हणाले, एवढ्या गडबडीतसुद्धा पोरीनं मर्यादा सोडली नाही, घराण्याचं वळण म्हणतात ते हे. जेठानीनं ही गोष्ट दोन बायांना कौतुकानं सांगितली. जमुना मागं उभी होती. तिला वाटलं, कोणीतरी उठून आपल्या थोबाडीत मारावी. कोणी मारली नाही.

पंधरा दिवसांनी रुख्मा घरी आली. जमुना गूळ आणि तांदूळ घेऊन ढिवर मोहल्ल्यात गेली. रुख्मा खाटेवर बसली होती, आखूड झालेल्या हातावर पांढरं फडकं बांधलेलं. तिची पोरगी वच्छला सतरा वर्षांची, उंच, गडबड्या स्वभावाची; तिनं पाणी आणून दिलं.

 मग रुख्मा म्हणाली, "मी तुमच्याकडंच पाहून राहिली होती, बाई." एवढंच म्हणाली. दोष दिला नाही, पुढं काही विचारलं नाही. थोड्या वेळानं वच्छलाकडं मान करून म्हणाली, "हिले लावा माया जागेवर. मालकाले सांगा कोनाकडून तरी. दुसरी कोनी यायच्या आधी सांगा. ते जागा जाऊ देऊ नका."

जमुना परत आली ती चालत आली की पळत, हे तिला आठवलं नाही. कोणाकडून सांगायची गरजच नव्हती. घरी चैनलालनं आधीच ठरवलं होतं. गिऱ्हाइकं पलीकडच्या गिरणीत जायला लागली होती. सोमवारी इंजीन सुरू करायचं, रुख्मीच्या पोरीला तिच्या आईची जागा द्यायची, आपलं ते कर्तव्य आहे. जाळी? जाळी करू की. केशोरावला सांगून ठेवलं आहे. हंगाम उतरला की.

सोमवारी सकाळी जमुना सगळ्यांच्या आधी गिरणीत गेली. छपराखाली गारठा होता, तेलाचा वास होता. पट्टा लोंबत होता, त्याच्या एका चिमट्यात हिरवा धागा अडकला होता. ती पट्ट्याकडच्या जागेवर बसली.  मग तिनं डोक्यावरचा पदर काढला, कमरेभोवती गुंडाळला आणि खोचला. नऊ वर्षांत पहिल्यांदा जेठ येणार अशा जागी तिचं तोंड उघडं होतं. कानांना वारा लागला. अंगावरचं सगळंच कापड गेलं की काय, असं तिला वाटलं.

चैनलाल तेलाचा डबा घेऊन आला. उंबऱ्यात पाय टाकला आणि त्याला ती दिसली. तो खाकरला. ती हलली नाही. त्यानं पाठ फिरवली आणि परत गेला. थोड्या वेळानं पुन्हा आला, बाहेरूनच जोरात खाकरला, वाट पाहिली, डोकावला, पुन्हा परत गेला. आत ती होती आणि इंजीनही आतच होतं.

गिऱ्हाइकं जमायला लागली. वच्छला आली आणि दारातच थबकली. जियालाल धावत आत आला.

"अवो, डोक्श्यावर घे! दादा बाहेर उभा आहे. याड लागलं का तुले?"

जमुनानं मान हलवली, नाही.  नवरा सोडून देईल, माहेरी पाठवतील, पोरबाळ नाही, कोण ठेवून घेणार. हे सगळं तिच्या डोळ्यांसमोरून जात होतं आणि ती दोन्ही हातांनी जमीन धरून बसली होती. जियालालनं तिचा दंड धरून ओढायला हात पुढं केला, तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि हात मागं घेतला. तो तिथंच उभा राहिला.

बाहेर कुजबुज वाढली होती. मग चैनलालचा आवाज आला. तो रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता. "केवलरामजी, जरा विचारा तिले. काय पायजे म्हना."

केवलराम दारात आला. घसा साफ केला. "सुनबाई, ते विचारून राहिले का..."

"पट्ट्याले जाळी लावा!"

केवलराम दचकून मागं सरकला. जमुना त्याच्याशी बोललीच नव्हती. ती त्याच्या डोक्यावरून बाहेर, जेठाशी बोलली होती, आणि तो आवाज रस्त्यापर्यंत गेला. "जाळी लागल्याबिगर इंजीन चालू कराचं नाई! तुमी चालू करा न मी इथंच बसून राहतो! उघड्या तोंडानं बसून राहतो!"

बाहेरची गिऱ्हाइकं चैनलालकडं बघायला लागली.  मग चैनलाल कोणालातरी हळू म्हणाला, "जा, केशोरावले बोलाव. फळ्या घेऊन ये म्हना." पावलं गेली. वच्छला आत येऊन भिंतीशी बसली.

जमुनाला आता सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. जियालाल तिच्याजवळ खाली बसला, पाणी देऊ का म्हणाला. तिला ते ऐकू आलं नाही. तिच्या कानांत स्वतःचाच आवाज घुमत होता, मोठा, स्वच्छ, इंजीनच्या वर सहज ऐकू गेला असता असा. हा आवाज काही आज सकाळी कोणी तिला आणून दिलेला नव्हता. तो त्या शुक्रवारीही तिच्याजवळ होता.